लुगडं नेसलेला मिकी

वसईला पाहुणे आले, की आम्ही त्यांना पश्चिमेला नेतो. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकलेला किल्ला, केळीच्या वाड्या, परतताना हातात सुकेळ्यांचा पुडा, झालं वसईदर्शन! पण मैत्रिणींनो, आज माझ्याबरोबर जरा पूर्वेला चला. वालीवच्या बाजूला लहान लहान कारखान्यांचे गाळे, टेम्पोंची गर्दी आणि धूळ. इथे बघण्यासारखं काय आहे, असं मलाही वाटायचं.

मी एका शाळेत अर्धवेळ चित्रकला शिकवते. स्नेहसंमेलनासाठी कापडी पिशव्या छापायच्या होत्या, म्हणून मुलांच्या चित्रांचा गठ्ठा घेऊन मी एका गाळ्यात गेले. स्क्रीन प्रिंटिंग कसं होतं, ते तिथे प्रथमच पाहिलं. लाकडी चौकटीवर ताणून बसवलेलं जाळीचं कापड; जिथून रंग जायला नको तेवढी जाळी बुजवलेली. वर रंग ओतायचा आणि रबरी पट्टीने ओढायचा. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट. दिवाळीत आपण भोकांच्या छाप्यातून रांगोळी पाडतो ना, त्याचंच हे मोठं भावंड!

गठ्ठा चाळताना मालक एका चित्रापाशी थांबले आणि मनापासून हसले. "हा बघा, आमच्या आजीसारखा!" मिकी माऊसला लाल लुगडं नेसवलेलं, डोक्यावर केळ्यांचा घड. खाली माझ्याच अक्षरात लाल शाईने लिहिलं होतं, 'मिकी असा नसतो. पुन्हा काढ.'

त्या मुलीने पुन्हा काढला होता, कंपासपेटीवरून हुबेहूब. पण तेव्हापासून प्रत्येक रेघेला ती मला विचारते, "बाई, असंच असतं ना?"

घरी आल्यावर लेकीने मला मोबाईलवर पॉप आर्टची चित्रं दाखवली. रॉय लिख्टेनस्टाइन या अमेरिकन चित्रकाराने १९६१ मध्ये मुलांच्या पुस्तकातले मिकी आणि डोनाल्ड मोठ्या कॅनव्हासवर रंगवले. मोठा मासा गळाला लागला म्हणून डोनाल्ड खूश, आणि गळ अडकलाय त्याच्याच कोटात! वर्तमानपत्रातलं रंगीत चित्र भिंगातून पाहिलं तर ठिपकेच ठिपके दिसतात. तसलेच ठिपके त्यांनी मुद्दाम रंगवले. अँडी वॉरहॉल यांनी तर १९८१ मध्ये दहा चित्रांच्या एका संचात मिकी छापला, तोही या गाळ्यातल्यासारख्याच जाळीतून. ओळखीचंच चित्र, पण आपल्या नजरेतून पुन्हा पाहिलेलं. त्याला जगाने कला म्हटलं, आणि मी चूक म्हटलं होतं.

खरं तर इतक्या लांब जायलाही नको होतं. आपल्याच पालघर जिल्ह्यात वारली सवाष्णी लग्नघरी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौक तोच, पण हात प्रत्येकीचा निराळा. तिथे कोणी म्हणतं का, 'चौक असा नसतो' म्हणून?

दुसऱ्या दिवशी पुन्हा वालीवला गेले. लुगड्यातला मिकीच पिशव्यांवर हवा, असा माझा हट्ट. मालक म्हणाले, "ताई, मिकी छापायचा तर कंपनीचं परवानगीपत्र लागेल. हा घड मात्र तुमच्या मुलीचा स्वतःचा आहे." मग घडच छापला, हिरव्या आणि पिवळ्या रंगात. एका पिशवीवर पिवळा रंग रेषेबाहेर सरकला होता. ती मी मागून घेतली.

तुम्हीही सुट्टीत हा खेळ घरी करा. बटाटा अर्धा कापून ठसा कोरा, प्रत्येक रंगाला वेगळा, आणि मुलांच्या हाती द्या. मिकी काळा झाला नाही, निळाच झाला, तरी गप्प बसा. हे गप्प बसणं फार जड जातं, अनुभवाने सांगते!

त्या मुलीच्या वहीतली लाल ओळ मी तिच्यासमोरच खोडली. ती काही बोलली नाही. पण त्या दिवशी तिने चित्र पुरं केलं, आणि एकदाही मला विचारलं नाही.