रद्दीच्या क्रमाने

जुनी पुस्तके विकत घेणाऱ्या मनुष्याविषयी त्याच्या घरच्या मंडळींचे मत ठरलेले असते, आणि ते फारसे गौरवाचे नसते, हे वाचकांस सांगावयास नको. तरी त्या पुस्तकांचा विषय काव्य असेल, वेदान्त असेल, निदान आयुर्वेद असेल, तर व्यसनाला थोडीबहुत प्रतिष्ठा लाभते. माझ्या बाबतीत तीही सोय नाही. जवळ जवळ तीस वर्षे मी महाविद्यालयातील मुलांना इंग्रजी कविता शिकवीत आलो आहे. बंदूक हाती धरण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नाही. असे असता माझ्या घरातील दोन कपाटे युद्धशास्त्राच्या, त्यातही हवाई युद्धाच्या, पुस्तकांनी भरलेली आहेत. पाहुणे येतात, शेले-कीट्स कोठे आहेत म्हणून मोठ्या आदराने कपाटाजवळ जातात, आणि बॉम्बफेकी विमानांची चित्रे पाहून काहीशा संशयाने माझ्याकडे वळतात.

हा विषय मी निवडला असे म्हणण्यापेक्षा रद्दीवाल्याने तो मला नेमून दिला असे म्हणणे अधिक खरे होईल. आमच्या खानदेशात इंग्रजी ललित वाङ्मयाची जुनी पुस्तके मिळतात ती बहुतेक परीक्षेसाठी घेतलेली, आणि परीक्षेसाठी घेतलेल्या पुस्तकावर मुले जे अत्याचार करतात ते पाहवत नाहीत. युद्धाची पुस्तके मात्र येतात ती जपलेली, खाकी कागदाची वेष्टणे घातलेली. त्याचे कारण शोधावयास फार लांब जावे लागत नाही. भुसावळास रेल्वेचा मोठा संसार. तेथेच १९४९ मध्ये सरकारचा दारूगोळा-खात्याचा कारखाना निघाला, आणि १९६४ मध्ये जवळच वरणगावास दुसरा. या तिन्ही ठिकाणी देशाच्या चारही कोपऱ्यांतून माणसे आली, पंचवीस-तीस वर्षे राहिली, निवृत्त झाली आणि परत गेली. जाताना मनुष्य भांडी नेतो, देव नेतो, लोणच्याची बरणीसुद्धा मांडीवर घेऊन नेतो. परंतु पुस्तकांची ट्रंक जड असते. ती रद्दीत जाते, आणि तेथून माझ्याकडे येते. गेली कित्येक वर्षे आमचा रद्दीवाला मला रस्त्यात गाठून, चार लोकांदेखत, “सर, तुमचं विमान आलंय!” असे ओरडून सांगत असतो.

धुळ्यास मी जातो तो परीक्षेच्या किंवा तशाच काही कामाकरिता. एरंडोल, पारोळे करीत एस. टी. धुळ्यास पोहोचते, आणि काम आटोपले की मी त्या नंबर घातलेल्या गल्ल्यांतून हिंडू लागतो. गल्ल्यांना नावांऐवजी नंबर असावेत ही कल्पना आमच्या लोकांची नव्हे. १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा येथे पोलिटिकल एजंट म्हणून आला. त्याने धुळे हे मुख्य ठाणे केले आणि नवी पेठ वसविली. या ब्रिग्जची एक हकीकत मला फार जवळची वाटते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, त्या दिवशी पुण्याच्या संगमावरील रेसिडेन्सीला पेशव्यांच्या फौजेने आग लावली. त्या आगीत एल्फिन्स्टनची पुस्तके गेली, आणि ब्रिग्जचा ग्रंथसंग्रह व त्याची हस्तलिखितेही गेली. गृहस्थ चिकट असला पाहिजे. फेरिश्त्याच्या फारसी इतिहासाचे त्याने केलेले भाषांतर शेवटी १८२९ मध्ये छापून बाहेर पडलेच. ज्याची पुस्तके आमच्या पूर्वजांनी जाळली त्याने वसविलेल्या पेठेत मी त्याच्याच देशबांधवांची पुस्तके वजनावर विकत घेतो, आणि घासाघीसही करतो.

नव्या पुस्तकांच्या दुकानात जाणारा मनुष्य आपल्या शिक्षणाचा क्रम स्वतः ठरवितो. रद्दीवर शिकणाऱ्याचा क्रम इतर लोकांचे मृत्यू, बदल्या आणि घरांच्या वाटण्या ठरवितात. हवाई युद्धाचे शास्त्र मी असे शिकलो, आणि ते बहुधा उलटे शिकलो. पहिल्यांदा हाती आला तो वेब्स्टर व फ्रँकलंड यांनी लिहिलेल्या ब्रिटिश सरकारी इतिहासाचा चौथा खंड. जर्मनीवरील बॉम्बवर्षावाचा हा इतिहास १९६१ मध्ये चार खंडांत निघाला. त्यांपैकी चौथा म्हणजे नुसती परिशिष्टे. कथा नाही, पात्रे नाहीत, केवळ कोष्टके आणि अहवाल! संग्राहकाला अपुऱ्या संचाचे दुःख काय असते ते संग्राहकच जाणे. परंतु त्या परिशिष्टांतच मला बट नावाच्या एका मुलकी अधिकाऱ्याचा ऑगस्ट १९४१ मधील अहवाल भेटला. बटने वैमानिकांच्या तोंडच्या हकिगती बाजूस ठेविल्या आणि विमानांतून रात्री घेतलेली सहाशेंहून अधिक छायाचित्रे तपासली. निष्कर्ष असा निघाला की, आपण लक्ष्यावर हल्ला केला असे सांगणाऱ्या विमानांपैकी लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचले होते ते तिनांपैकी एक. आणि धुराने झाकलेल्या ऱ्हूरच्या खोऱ्यात तर दहांपैकी एक. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. जळगाव स्टेशनावर नेम धरणाऱ्याचा बॉम्ब मेहरूणच्या तलावात किंवा शहराबाहेरच्या एखाद्या केळीच्या बागेत पडला असता, तरीही या हिशेबात तो यशस्वी तिसरा हिस्साच!

हे वाचून झाल्यावर काही वर्षांनी मला मार्शल टेडरचे १९४८ मधील पुस्तक मिळाले, त्यानंतर जॉन स्लेसरचे १९३६ मधील, आणि सर्वांत शेवटी, धुळ्यास एका पोत्याच्या तळाशी, इटालियन सेनानी जूलिओ दुए याच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर. दुएचा मूळ ग्रंथ १९२१ मधला. भाषांतर न्यू यॉर्कला १९४२ मध्ये निघाले. आपल्या सरसेनापतींवर टीका केल्याबद्दल पहिल्या महायुद्धात दुएने एक वर्ष तुरुंगवास भोगला होता, आणि त्याच्या लेखणीला अशा मनुष्याची धार आहे. आकाश ज्याचे त्याचे युद्ध. शहरांवर बॉम्ब टाका, म्हणजे तेथील नागरिकच आपल्या सरकारला गुडघे टेकावयास लावतील, असे त्याचे प्रतिपादन. हा ग्रंथ मी प्रथम वाचला असता तर, मला वाटते, त्याच्या आवेशाने मी पुरता वाहून गेलो असतो. कारण त्याचा तर्क मोठा देखणा आहे. परंतु मी बटची कोष्टके अगोदर वाचली होती. १९४०-४१ त लंडन जळत राहिले आणि तरी लोक सकाळी कामावर जात राहिले, हेही ठाऊक होते. निकाल ऐकल्यावर वकिलाचे भाषण ऐकावे तसे ते वाचन झाले. आमच्या अभ्यासक्रमांचे क्रम ठरविणाऱ्या मंडळींनी या पद्धतीचा एकदा विचार करून पाहावा.

स्लेसरविषयी मला ममता आहे. त्याचा जन्म आपल्याकडे, राणीखेतला, १८९७ मधला. लहानपणीच पक्षाघाताने पाय अधू झाल्यामुळे भूसेनेने त्याला घेतले नाही, म्हणून तो आकाशात गेला. त्याचे पुस्तक म्हणजे कॅम्बर्लीच्या स्टाफ कॉलेजातील व्याख्याने. शत्रूच्या सैन्यावर नव्हे तर त्याच्या रसदीवर, रस्त्यांवर आणि रेल्वेवर घाव घाला, हे त्याचे सांगणे शिक्षकी शांतपणाने मांडलेले आहे. मात्र ही शांत बुद्धी पुढे १९३६-३७ मध्ये वझिरीस्तानच्या मोहिमेत विमाने घेऊन उतरली, हे आपण विसरू नये. या देशातील हवाई युद्धाचा आरंभच त्या सरहद्दीवर झाला. १९२५ मध्ये तर वझिरी टोळ्यांविरुद्धची एक सबंध मोहीम केवळ विमानांनी चालविली गेली. त्या टोळ्यांपाशी विमान नव्हते, आणि त्यांच्यापैकी कोणी पुस्तकही लिहिले नाही.

टेडरचे पुस्तक म्हणजे १९४७ मध्ये केंब्रिजला दिलेली व्याख्याने. माझी प्रत भुसावळच्या रद्दीतली. पहिल्या पानावरील नाव कोणी तरी काळजीपूर्वक खोडले आहे, त्यामुळे मूळ मालक कोण ते मला कळले नाही. पण तो रेल्वेतला होता याविषयी मला शंका नाही. नॉर्मंडीच्या स्वारीपूर्वी फ्रान्समधील रेल्वेची यार्डे उद्ध्वस्त करावीत, असा टेडरचा आग्रह होता, आणि वाहतूक मोडली की सैन्य आपोआप लुळे पडते, हा विचार या पुस्तकात त्याने वारंवार मांडला आहे. त्या मजकुराशेजारी समासात, बारीक आणि सुबक अक्षरांत, पेन्सिलीने तीन इंग्रजी अक्षरे लिहिलेली आहेत: बी. एस. एल., आणि पुढे प्रश्नचिन्ह. रेल्वेच्या परिभाषेत बी. एस. एल. म्हणजे भुसावळ.

याखेरीज सबंध पुस्तकात त्याने एकही खूण केलेली नाही. तो वाचता वाचता थांबला असला पाहिजे. मुंबईकडून येणारा मार्ग भुसावळास दुभंगतो. एक फाटा नागपूरकडे जातो, दुसरा खंडव्यावरून इटारसीकडे. सुरतेचा मार्ग अलीकडे जळगावास येऊन मिळतो. नकाशावर बोट ठेवून लक्ष्य निवडावयाचे झाले तर कोणताही स्टाफ कॉलेजचा विद्यार्थी प्रथम येथेच बोट ठेवील. ते त्या अज्ञात गृहस्थाच्या ध्यानात आले. यार्डापलीकडे त्याचे क्वार्टर असेल. मुले शाळेतून येताना रुळांवरच्या पुलावरून येत असतील.

ते प्रश्नचिन्ह पाहण्यापूर्वी ही पुस्तके मी वरून वाचीत होतो, असे म्हणावे लागेल. हवाई युद्धाच्या लेखनात एक विलक्षण स्वच्छता असते. नकाशे, बाण, टनांचे आकडे. चिखल नाही, किंकाळी नाही. मला तिची गोडी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. बुद्धिबळाची असते तशी. एप्रिल-मे १९४४ मध्ये याच रेल्वे-योजनेवरून चर्चिल अस्वस्थ झाला होता. बॉम्बने मरणाऱ्या फ्रेंच नागरिकांचा आकडा दहा हजारांच्या आत राहावा, असे त्याचे म्हणणे होते. प्रश्न रूझवेल्टपर्यंत गेला, आणि सेनापतींच्या हातांवर असे बंधन घालण्यास त्याने नकार दिला. हे फ्रेंच लोक शत्रू नव्हते, मित्र होते. यार्डाजवळ राहत होते एवढेच.

खालून पाहिलेले युद्ध आमच्या तापीच्या काठीही झालेले आहे. शिरपूर तालुक्यात थाळनेरचा किल्ला आहे. म्हणजे होता, आता नदीकडच्या उंचवट्यावर काही तट आणि बुरूज उरले आहेत. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर टॉमस हिस्लॉपच्या फौजेने तो घेतला. किल्ला खाली करण्याचे बोलणे चालू असता आत शिरलेल्या काही इंग्रजांवर किल्ल्यातील शिबंदीने हत्यार चालविले. त्यावर सुमारे तीनशे माणसांची कत्तल झाली आणि किल्लेदार तुळशीराम मामा याला फाशी देण्यात आले. हे सर्व आम्हांला माहीत आहे ते इंग्रजांच्याच लेखनावरून. त्यांच्या न्यायबुद्धीस अनुसरून हेही सांगितले पाहिजे की, १८१९ मध्ये पार्लमेंटने या युद्धाबद्दल सैन्याचे आभार मानले तेव्हा थाळनेरचे कृत्य त्या स्तुतीतून मुद्दाम वगळले. परंतु तटावरून त्या दिवशी काय दिसले, हे सांगणारा एकही कागद माझ्या पाहण्यात नाही.

असे कागद असतात, नसतात असे नाही. धुळ्यात असलो म्हणजे राजवाडे संशोधन मंडळात थोडा वेळ बसून यावे, असा माझा नेम आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले. त्यांच्या मागे लोकांनी त्यांचे दप्तर सांभाळण्यासाठी ही संस्था उभी केली. गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यांवरची वाळवी लागलेली दप्तरे त्यांनी उतरविली, आणि सापडतील तशी छापली. त्यांचेही शिक्षण रद्दीच्याच क्रमाने झाले असे मी म्हटले तर त्यांच्या भक्तांनी रागावू नये. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा १८९८ मधला पहिला खंड आहे तो १७५० पासून पानिपतापर्यंतच्या पत्रांचा, शिवकाल पुढच्या खंडांत येतो. आणि त्या पहिल्या खंडात काय आहे? भाऊसाहेब गोविंदपंत बुंदेल्यास पुन्हा पुन्हा लिहीत आहेत, पैसा पाठवा, अब्दालीची रसद तोडा. स्लेसर व टेडर यांनी विमानासाठी जो सिद्धान्त बांधला तो येथे घोड्याच्या पाठीवर आहे, आणि ज्याची रसद तुटली त्याच्याच हातचा आहे. माझ्या दोन कपाटांत असा एकही ग्रंथ नाही. म्हणून अलीकडे मी राजवाड्यांचा पहिला खंड टेडरच्या शेजारी ठेविला आहे.

ही कपाटे पुढे कोठे जाणार, याची चिंता मला अधूनमधून होते. ग्रंथालयांना देणगी द्यावी असे मित्र सुचवितात. परंतु एका ग्रंथालयाने ‘निरुपयोगी’ असा शिक्का मारून काढून टाकलेली चार पुस्तके मीच रद्दीतून आणलेली असल्यामुळे त्या सूचनेने माझे समाधान होत नाही. मुलगा संगणकाच्या कामात आहे आणि त्याचे घर तीन खोल्यांचे आहे. सध्या या पुस्तकांना वाचक आहेत ते माझे काही विद्यार्थी. आमच्या भागातील कितीतरी मुले पहाटे उठून रस्त्यावर धावताना दिसतात, सैन्यभरतीसाठी. त्यांपैकी पारोळ्याकडच्या एका मुलाने एअर चीफ मार्शल प्र. चं. लाल यांचे १९८६ मध्ये निघालेले आत्मवृत्त माझ्याकडून नेले. इंग्रजी त्याला जड जात होते. दर आठवड्यास अडलेल्या शब्दांची यादी घेऊन येई. जाताना मी त्याला टेडरचे ते पानही दाखविले. तो बराच वेळ पाहत राहिला, आणि म्हणाला, “सर, माझे मामा तिथेच गार्ड आहेत.”

पुढे तो भरती झाला आणि नेमणुकीच्या ठिकाणी गेला. लालांचे पुस्तक त्याच्या पेटीत गेले आहे. ते परत मागावयाचे मी मनात आणलेले नाही.