बारा खणांचं कोठार

हीथ्रो विमानतळाच्या उत्तरेला, अगदी कुंपणाला लागून, हार्मंड्सवर्थ नावाचं एक गाव आहे. हाउन्स्लो-स्लाउकडची आपली मंडळी आईबाबांना आणायला-पोचवायला विमानतळावर सतत जातात, पण या गावात सहसा कुणी वळत नाही. गेल्या महिन्यात एका रविवारी मी वळलो. मॅनर फार्मचं धान्याचं कोठार बघायला.

कोठार म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं ते विसरा. हे ५८ मीटर लांब आणि १२ मीटर उंच आहे. आपल्याकडे वाडा खणांत मोजतात तसं मोजलं तर बारा खण! १४२६-२७ साली बांधलेलं. जॉन बेट्जमन हे कवी याला मिडलसेक्सचं कॅथीड्रल म्हणायचे. आत गेल्यावर ते पटतं. मधे उंच दालन आणि दोन्ही बाजूंना पडवीसारख्या उतरत्या पाख्या. देऊळ म्हणून बांधलं नव्हतं एवढंच. विंचेस्टर कॉलेजला ही जमीन १३९१ साली मिळाली, आणि इथल्या धान्याचा पैसा तिकडच्या मुलांच्या शिक्षणाला जायचा.

मी बराच वेळ मान वर करून खांबच बघत बसलो. दगडी ठोकळ्यांवर ओकचे चौकोनी खांब. त्या काळच्या इंग्लिश सुतारांची रीत अशी, की खांब उलटा उभा करायचा. झाडाचा बुंधा वर, शेंडा खाली. का? तर वरच्या टोकाला खांब, आडवी तुळई आणि छपराची लांब वासरी असे सगळे एकाच जागी भेटतात, तिथे खाचा पाडायला जाड लाकूड लागतं. सांध्यांत लाकडी खुंट्या. ओक ओला असतानाच कापायचा. वाळताना सांधा आणखी घट्ट बसतो. सगळा सांगाडा आधी जमिनीवर जुळवून बघायचा, तुकड्यांवर खुणा कोरायच्या, मग सुटा करून उभा करायचा. (आमच्याकडे टेस्टिंगला वेळ नाही म्हणणाऱ्या मॅनेजरांना इथे सहलीला आणायला हवं.)

आणि यातलं सुमारे ९५ टक्के लाकूड अजून मूळचंच आहे. मला वाटतं याचं कारण कौतुक नाही, वापर आहे. १९७० च्या दशकापर्यंत इथे शेतीचं काम चालू होतं, त्यामुळे गळकं कौल कुणीतरी बदलत राहिलं. काम थांबलं आणि हाल सुरू झाले. २००६ मध्ये एका कंपनीने ते चक्क एका पौंडाला घेतलं! शेवटी २०१२ मध्ये इंग्लिश हेरिटेजने २०,००० पौंडांना विकत घेऊन दुरुस्त केलं.

आता प्रश्न तिसऱ्या धावपट्टीचा. २०१८ मध्ये संसदेने तिच्या धोरणाला मान्यता दिली, २०२५ मध्ये सरकारने पुन्हा पाठिंबा जाहीर केला. ती झाली तर हार्मंड्सवर्थमधली बरीच घरं पाडावी लागतील. वर्षातून दोनदा पुण्याला जाणारा मी विमानांविरुद्ध काय बोलणार? तरीपण बोलतो. कोठार वाचवून भोवतीचं गाव काढून टाकलं, तर गळणारं कौल आधी कुणाच्या लक्षात येणार?

असो. एप्रिल ते ऑक्टोबर, महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी उघडं असतं, फुकट. निघण्यापूर्वी तारीख तेवढी तपासा. आणि स्वेटर न्या, आत भर उन्हाळ्यातही गारठा असतो.