जनरेटरचं विरजण

मार्गशीर्ष लागला की सारंगखेड्यात माझ्या दुकानापुढे जुने जनरेटर येऊ लागतात. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि घोड्यांचा बाजार उभा राहतो. मारवाडी, काठियावाडी, नुकरा घोडे घेऊन दूरदूरचे व्यापारी तापीकाठी उतरतात. कडेच्या पालांना, चहाच्या गाड्यांना, दावणीला बांधलेल्या जनावरांपाशी रात्रभर उजेड लागतो. मग माळ्यावरचं, गोठ्यातलं मशीन बाहेर निघतं. दोरी ओढली की इंजिन धडधडतं, बल्ब मात्र लागत नाही. "भाऊ, मशीन चालू शे, पन लाईट येत नही," असं म्हणत माणूस ते टेम्पोतून उतरवतो.

यातली बरीच मशीनं भारनियमनाच्या काळातली आहेत. 2005 नंतरची काही वर्षं खेड्यांत तासन्‌तास वीज नसे. पिठाची गिरणी, झेरॉक्सचं दुकान, लग्नाचा मांडव, सगळीकडे छोटा जनरेटर लागायचा. पुढे वीज सुधारली, घरोघरी इन्व्हर्टर आले आणि ही मशीनं वर्षातले अकरा महिने पोत्याखाली पडून राहू लागली. दोष बहुतेक वेळा त्या पडून राहण्यातच असतो.

जनरेटरच्या आत रोटर फिरतो. त्याच्यावर तारेचे वेढे असतात. त्या वेढ्यांतून वीज गेली की रोटर चुंबक होतो आणि बाहेरच्या वाइंडिंगमध्ये वीज तयार होते. पण रोटरला लागणारी वीज आणायची कुठून? ती हेच मशीन बनवतं. मागच्या वेळी चाललेल्या रोटरच्या लोखंडात थोडं चुंबकत्व उरलेलं असतं. त्यातून दोन-चार व्होल्ट निघतात, ते रोटरकडे परत जातात, चुंबकत्व वाढतं, व्होल्ट वाढतात, आणि बघता बघता 230 होतात. दह्याला विरजण लागतं तसंच हे आहे. कायमचा चुंबक न वापरता अशी वीज करता येते हे 14 फेब्रुवारी 1867 रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एकाच बैठकीत दोघांच्या निबंधांतून मांडलं गेलं: एक वेर्नर सीमेन्स यांचं काम, दुसरं चार्ल्स व्हीटस्टोन यांचं. आपल्या गोठ्यातलं मशीन आजही त्याच तत्त्वावर चालतं. दीर्घकाळ बंद राहिलं, जोराचा धक्का बसला किंवा लोड चालू असतानाच इंजिन बंद केलं, तर उरलेलं चुंबकत्व जाऊ शकतं. मग इंजिन कितीही पळवा, वाढवायला काही उरलेलंच नसतं.

म्हणून "वाइंडिंग जळालं" हे वाक्य मला मोजमापाआधी ऐकवत नाही. वाइंडिंग खरंच जळालं असेल तर झाकण काढताच जळक्या वार्निशचा वास येतो आणि तार काळी दिसते. वास नाही, काळेपणा नाही, तरी तांबं काढून नवं भरायचं, हा मालकाच्या पैशाचा अपमान आहे.

मी बाहेरून आत जातो. आधी सगळा लोड सोडवतो, ब्रेकर पाहतो, सॉकेटमागची वायर हलवून बघतो. इंजिनाचा वेग कानावर घेतो. या छोट्या मशीनना 50 हर्ट्झसाठी मिनिटाला 3000 फेरे लागतात. इंजिन मंद पळत असेल तर आधी गव्हर्नर नीट करायचा. मग मल्टिमीटर लावतो. दोन-पाच व्होल्ट दिसले की मला बरं वाटतं: विरजण शाबूत आहे, बाहेरचं वाइंडिंग बहुधा जिवंत आहे, रोटरकडे जाणारी वाट कुठेतरी तुटली आहे.

ती वाट बऱ्याचदा कार्बनपाशी, म्हणजे फिरत्या रोटरला वीज पोचवणाऱ्या ब्रशपाशी, तुटते. कार्बन झिजतो, स्प्रिंग ढिली होते, धुळीनं तो खोबणीतच अडकतो. कुंभारमाशीनं आत मातीचं घर बांधलेलंही सापडतं. कार्बन जिच्यावर घासतो त्या स्लिप रिंगवर काळपट थर चढलेला असतो; बारीक पॉलिश पेपरनं तो हलकेच काढायचा. मग कार्बन उचलून रोटरचा रेझिस्टन्स घ्यायचा. लहान मशीनला तो साधारण पन्नास ओहमच्या आगेमागे असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर रोटरची तार तुटली आहे, मग पुढची खटपट थांबवायची.

रोटर ठीक आणि व्होल्ट शून्य असतील तर बारा व्होल्टची बॅटरी घ्यायची. आधी एव्हीआरचा, म्हणजे व्होल्ट आपोआप सांभाळणाऱ्या सर्किटचा, प्लग काढायचा. तो न काढता बॅटरी लावली तर एव्हीआर जाऊ शकतो. प्लस-मायनसची खात्री करून, इंजिन चालू ठेवून, दोन्ही कार्बनना काही क्षण बॅटरी द्यायची. सॉकेटवरचे व्होल्ट झरकन वर चढले तर रोटर आणि वाइंडिंग दोन्ही निर्दोष. पूर्ण 230 येणार नाहीत, तेवढं बळ बारा व्होल्टमध्ये नसतं. बॅटरी काढून एव्हीआर जोडला आणि 230 उभे राहिले, तर काम संपलं. नाही राहिले तर संशय एव्हीआरवर. बिनकार्बनच्या मशीनमध्ये एव्हीआरऐवजी कपॅसिटर आणि रोटरवरचा डायोड तपासायचा; कपॅसिटरला हात लावण्यापूर्वी तो डिस्चार्ज करायचाच.

बॅटरी दिल्यावर बल्ब पेटतो तेव्हा मालकाला वाटतं, मी काही नवं बसवलं. मी त्याला मीटर दाखवतो. मशीन त्याचं आहे, ते कसं जगतं हे त्याला कळायला हवं.

यात्रेला मशीन नेणाऱ्यांनी ते महिन्यातून एकदा बाहेर काढावं, दहा-पंधरा मिनिटं चालवावं, एखादा शंभर वॅटचा बल्ब लावावा आणि बंद करण्याआधी तो काढून घ्यावा. पालाच्या किंवा राहुटीच्या आत ते कधीही चालवू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. आणि घराच्या बोर्डात चेंजओव्हर स्विचशिवाय जनरेटर जोडू नका. तुमची वीज उलटी लाईनवर जाते, आणि खांबावर चढलेल्या लाईनमनला वाटत असतं की लाईन बंद आहे.