यंत्राने केले, पण सही कोणाची?

आम्ही टेलिफोन खात्यातले लाईनमन. नाशिकच्या पावसात खांबावर चढून, केबलचे जॉइंट उघडून संसार केला. १ ऑक्टोबर २००० रोजी खात्याची बी.एस.एन.एल. कंपनी झाली. ३१ जानेवारी २०२० रोजी स्वेच्छानिवृत्ती घेऊन हजारो कामगार एकाच दिवशी घरी बसले, त्यांत आम्हीही होतो. तेव्हापासून घराचा भार मुलावर. तो एका इंटरनेट कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये कंत्राटी, रात्रपाळीला.

त्याच्या हातात ना पक्कड, ना टेस्टर. मग हा रात्रभर करतो तरी काय? आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, "बाबा, तुमच्या वेळी १९८ वर तक्रार यायची, तिचे डॉकेट तुमच्या हातात पडायचे. तुम्ही लाईन दुरुस्त केली की टेस्ट डेस्कवाला तपासून डॉकेट बंद करायचा. आता हीच साखळी सॉफ्टवेअर चालवते."

ते सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी प्रत्येक यंत्राची विचारपूस करते. उत्तर आले नाही, तर तक्रार स्वतःच नोंदवते आणि आधी लिहून दिलेल्या नियमाप्रमाणे पुढचे काम करते. कधी लाईन बंद करून पुन्हा चालू करते, कधी दुसऱ्या मार्गाने वळवते, कधी माणसाला निरोप धाडते. आम्हाला कौतुक वाटले.

पण गेल्या पावसाळ्यात एका रात्री जॉइंटमध्ये पाणी शिरले आणि एक लाईन येऊ-जाऊ लागली. लाईन पडली की सॉफ्टवेअर ती बंद करून चालू करी. थोड्या वेळाने पुन्हा तेच. किती वेळा करायचे, हे नियमात कोणी लिहिलेच नव्हते. पाणी जॉइंटमध्ये, बंद-चालू करून ते कसे निघणार? ग्राहकांचे हाल मात्र वाढले. मुलाला सारे दिसत होते, पण नियम थांबवण्याचा अधिकार त्याला नव्हता. त्याने साहेबांना दोनदा फोन केला, लेखी निरोप धाडला. परवानगी मिळाली पहाटे चारला.

सकाळी सगळे खापर त्याच्यावर. "पाळीवर तूच होतास!" घरी आला तो जेवला नाही. त्याची आई म्हणाली, "मशीन चुकली तर मशीनला कुणी घरी बसवत नाही."

त्याला वाचवले ते नोंदीने. नियम आदल्या दुपारी कोणी चढवला, एका यंत्रावर न तपासता एकदम सगळ्यांवर कसा लावला, मुलाने किती वाजता कळवले, सारे सॉफ्टवेअरच्या रोजनिशीत होते. नोकरी टिकली. आता तिथे नियम बदलला आहे: दोनदा प्रयत्न, मग माणसाला फोन, आणि पाळीवरच्या माणसाला थांबवण्याचा अधिकार.

हे लहान कंपनीतच घडते असे नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद पडले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने त्या कंपनीच्या केंद्रांना जोडणारे सारे जाळे तुटले. अशी आज्ञा अडवण्यासाठी ठेवलेल्या तपासनीस सॉफ्टवेअरमध्येच दोष होता. शेवटी इंजिनिअरांना प्रत्यक्ष यंत्रांपाशी जावे लागले. म्हणजे आमच्यासारखेच, घटनास्थळी!

यंत्राला काम देऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. रात्री-बेरात्री खांबावर चढणे किती कठीण, हे आम्हाला कोणी सांगायला नको. पण आपली मुले-मुली आता या कामात शिरत आहेत. बहुतेकांची सुरुवात कंत्राटी, रात्रपाळीची. त्यांना आमचे सांगणे एवढेच: नियम आधी एका यंत्रावर तपासला का? चुकला तर परत फिरण्याची वाट ठेवली का? थांबवायचे कोणी? हे कामावर रुजू होतानाच विचारा, लाजू नका. आणि तोंडी कळवले तरी लगेच लेखी कळवा, वेळ घालून.

आम्ही जुनी डॉकेटची वही जपून ठेवली होती. ती परवा मुलाने मागून घेतली.