रेग्युलेटरचे छिद्र

बदलीच्या गावी बिऱ्हाड लागले, गॅस पेटला आणि चहाचे आधण उकळले, की सामान्य गृहस्थाचे गॅसविषयीचे कुतूहल शमते. टाकीच्या डोक्यावर बसलेल्या रेग्युलेटरकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. आम्ही मात्र या मुठीएवढ्या वस्तूचे चाहते आहो.

टाकीतील दाब ऋतूंचा अंकित. दिल्लीच्या ज्येष्ठात तो चढतो, शिमल्याच्या पौषात उतरतो. आणि एरवीही बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. शेगडीला मात्र त्या हवेहून दर चौरस सेंटिमीटरला अवघा ३० ग्रॅम अधिक दाब लागतो. रेग्युलेटर हा मेळ घालतो तो एका रबरी पडद्याच्या आधारे. पडद्याखाली गॅस, वर स्प्रिंग, आणि पडद्याला तरफेने जोडलेली झडप. आच वाढवली, की खालचा दाब घटतो, स्प्रिंग पडद्याला खाली रेटते आणि झडप अधिक उघडते. शेगडी बंद केली, की दाब साचतो, पडदा वर उचलला जातो आणि झडप मिटते. घरात असा हिशेबी कारकून दुसरा नाही!

त्याची मर्यादाही ध्यानी घ्यावी. चढलेला दाब तो उतरवील. नसलेला दाब निर्माण करणे त्याला जमणार नाही. टाकीतील ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास उकळेनासा होतो. त्यामुळे बर्फाळ ठाण्यावर ज्योत मंदावली, तर दोष रेग्युलेटरला देऊ नये.

या यंत्राचे मर्म मात्र झाकणातील बारीक छिद्रात आहे. पडदा वर सरकताना त्यावरील हवा तेथूनच बाहेर पडते. छिद्र बुजले, की हवा कोंडते, पडदा अडखळतो, आणि मिटावयाची झडप वेळेवर मिटत नाही. पडदा फाटला, तर गॅसचा वासही प्रथम तेथेच येतो. असा वास आल्यास गॅस बंद करून दारे-खिडक्या उघडाव्या आणि वितरकास बोलवावे. एका सावध गृहस्थाने, गळती नको म्हणून, हे छिद्र मेणाने लिंपलेले आम्ही पाहिले आहे. सूचना देणारे तोंडच त्याने बंद केले होते.

अधिकारपदावरील माणसाला हा मोह नवा नाही. वरचा दाब सोसून खाली सौम्यपणे वागावयाचे, तर बाहेरच्या हवेला आत वाट हवीच. तूर्त आपल्या स्वयंपाकघरातील त्या छिद्रावर मेण, रंग किंवा कणीक साचलेली नाही ना, एवढे आज पाहून घ्यावे.