हलगीवाल्याचं नाव

कोल्हापुरात गाण्याचा विषय निघाला की गाडी हमखास अल्लादिया खाँसाहेबांवर येते. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला, देवल क्लबात मैफली रंगल्या, सुधीर फडके इथे जन्मले, जगदीश खेबूडकर इथलेच, लता मंगेशकरांचे उमेदवारीचे दिवस इथे गेले. सगळं खरं आहे आणि लहानपणापासून ऐकून ऐकून पाठ झालेलं आहे, म्हणून मी ते पुन्हा उगाळत नाही. ही यादी संपली की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: आणि आताची पोरं बघा, डॉल्बीपुढे नुसती उड्या मारतात. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे वाक्य जरा जास्तच ऐकावं लागतं, कारण समोरच्याला वाटतं की संस्कृती बिघडल्याचं प्रमाणपत्र आपल्याला इथे मिळेल. मला त्याचा राग येतो. पण त्याहून जास्त खटकणारी गोष्ट मला अलीकडे वाचनात सापडली, आणि गाण्याच्या दर्जाशी तिचा संबंध नाही. ती कॉपीराइट कायद्याच्या एका व्याख्येत दडलेली आहे. तिच्याकडे जाण्याआधी दर्जाचं भांडण उरकून घेतो, ते फार अवघड नाही.

आज ज्या लावण्यांना जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात वन्समोअर मिळतो, त्यांचं माहेर तमाशाचा फड. आणि तमाशा म्हणजे स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या सरकारने अश्लील ठरवून ज्यावर बंदी घातली तो खेळ. पुढे समिती बसली, वग तपासले जाऊ लागले, आणि धुतलेला-पुसलेला तमाशा पुन्हा उभा राहिला. 1959 साली अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला, पुण्यात 131 आठवडे चालला. 1972 च्या ‘पिंजरा’ला राम कदमांचं संगीत, खेबूडकरांची गीतं. खेबूडकर पेशाने शिक्षक. एका मास्तरांनी तमाशाची गाणी लिहावीत आणि चित्रपटाची कथा नेमकी तमाशापायी मातीत गेलेल्या मास्तराची असावी, याची मला गंमत वाटते. मुद्दा एवढाच की ज्या घरांत तमाशाचं नाव काढायची सोय नव्हती, त्याच घरांत ही गाणी रेडिओवरून आली आणि मुक्कामाला राहिली. तेव्हा आजचं गाणं उथळ आहे म्हणून संस्कृती बुडाली, असं म्हणणाऱ्याने आपलं आवडतं गाणं कुठून आलं ते आधी पाहावं.

मात्र ‘पूर्वीही असंच म्हणायचे’ हे उत्तर आमच्या पिढीला फारच सोयीचं आहे. त्यावर मला थांबता येत नाही, कारण त्या उत्तरात दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात: गाण्यात माणसं बदलायची ताकद असते. पुरावा तसं सांगत नाही. आनंद यादव कागलचे. त्यांच्या ‘नटरंग’मधला गुणा पैलवानी अंगाचा शेतमजूर, तमाशा उभा करायचा तर नाच्या हवा, तो मिळत नाही म्हणून स्वतःच नाच्या होतो, आणि तेवढ्यापायी घरात, गावात, चारचौघांत त्याची किंमत संपते. कादंबरीवरचा चित्रपट 2010 च्या पहिल्याच दिवशी लागला आणि अजय-अतुलची गाणी वरातीपासून गॅदरिंगपर्यंत वाजली. पण बायकी हातवारे करणाऱ्या मुलाला कॉलेजच्या कट्ट्यावर जे ऐकावं लागतं, त्यातला एक शब्दही कमी झाला नाही. ‘सैराट’चं तेच. 2016 च्या एप्रिलअखेरीस चित्रपट आला; त्याच्या संगीताचं ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत झालं, भारतीय चित्रपटासाठी हे पहिल्यांदाच घडलं म्हणून आपण कॉलर ताठ केली. ‘झिंगाट’ वाजलं नाही अशी वरात त्या वर्षी शोधून काढावी लागली असती. त्या वरातींत नाचणाऱ्या किती जणांच्या घरी चित्रपटातल्या आर्ची-परशाचं आंतरजातीय लग्न खपलं असतं? आपण गाणं तेवढं उचलतो, गाण्यातला माणूस जिथल्या तिथे ठेवतो. लोकप्रिय संगीताचा समाजावर परिणाम काय, या परीक्षेतल्या लाडक्या प्रश्नाला माझं उत्तर म्हणूनच निराळं आहे. मनावरचा परिणाम मोजणं सोडा. गाण्याने कुणाला नाव दिलं आणि कुणाला पैसा दिला, ते मोजा. ते मोजता येतं.

हलगी घ्या. लाकडी किंवा लोखंडी कडं, त्यावर ताणलेलं कातडं, एका हातात जाड काठी, दुसऱ्यात बारीक छडी. दमट हवेत कातडं सैल पडतं, म्हणून वाजवणारे रस्त्याकडेला रद्दी पेटवून तिला शेक देतात, बोटाने टिचकी मारून आवाज बघतात, पुन्हा शेकतात. अलीकडे प्लास्टिकचा पडदा आला, शेकायचं काम वाचलं, आवाज मात्र चरचरीत झाला. खासबागेच्या मैदानात हलगी, घुमकं आणि कैताळ सुरू झाल्याशिवाय कुस्तीला रंग चढत नाही. डाव पडायच्या बेतात आला की ठेका चढतो, आणि ती वेळ ओळखणं हे वाजवणाऱ्याचं कसब. हाच ठेका मराठी सिनेमाच्या गाण्यांनी घेतला. आता गाणं मोबाइलवर लावलं की गायकाचं नाव दिसतं, संगीतकाराचं दिसतं, नशीब असेल तर गीतकाराचंही दिसतं. गाणं ज्याच्या मनगटावर उभं आहे त्याचं दिसत नाही. ही विसरभोळेपणाची गोष्ट आहे असं मी धरून चाललो होतो. कायदा वाचल्यावर कळलं की याची रीतसर व्यवस्था आहे.

थोडी पार्श्वभूमी. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चित्रपटासाठी पैसे देऊन करवून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माता. गीतकार-संगीतकारांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं तक्रार केली आणि 2012 च्या दुरुस्तीने त्यांना रॉयल्टीतला वाटा मिळाला, तोही असा की सही करून परस्पर सोडून देता येऊ नये. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलावंतांनाही रॉयल्टी आणि आपलं नाव लावून घेण्याचा हक्क मिळाला. छान. पण त्याच दुरुस्तीने कलावंताच्या व्याख्येला एक शेपूट जोडलं. चित्रपटात ज्याचं काम किरकोळ किंवा ओघाने आलेलं आहे, आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेही दिलं जात नाही, तो कलावंत मानला जाणार नाही. त्याला एकच हक्क शिल्लक: आपल्या कामाची मोडतोड करून बदनामी केली तर हरकत घेण्याचा. नाव मागण्याचा हक्क नाही. नीट पाहा काय झालं. नाव देत नाहीत हा अन्याय, त्यावर दाद मागायला जावं तर कायदा विचारतो की तुझं नाव कुठे आहे? ज्या रिवाजाने त्याला डावललं, तोच रिवाज त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभा. आणि हा रिवाज ठरवतो कोण? ज्याला नाव द्यायचं नसतं तोच. वकील म्हणतील, गाण्याचा कणा असलेली हलगी किरकोळ कशी, न्यायालयात ते मांडता येईल. मांडता येईल, नक्की. एका दिवसाच्या ध्वनिमुद्रणाची रोख मजुरी घेऊन कागल-हातकणंगल्याकडे परत आलेला माणूस मुंबईच्या निर्मात्याविरुद्ध ते मांडायला जाईल, हे ज्याला शक्य वाटतं त्याने तारखा, वकिलाची फी आणि बुडालेल्या सुपाऱ्या यांचा हिशेब करावा.

याच्या उलट टोकाचं उदाहरण कोल्हापूरचंच आहे. 1965 च्या भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’चं संगीत ‘आनंदघन’ यांचं. आनंदघन म्हणजे लताबाई हे राज्य पुरस्काराच्या वेळी उघड झालं. त्यातलं लोहाराच्या भात्याचं गाणं खेबूडकरांचं. गीतकार, गायिका, संगीतकार कुठल्याही कोल्हापूरकराला झोपेतून उठवून विचारा. घणाचा ठोका देणाऱ्या हाताबद्दल विचारलं तर बैठक गप्प. नाव झाकण्याची चैन ज्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं त्यालाच परवडते.

यावर आक्षेप येतात आणि ते पोकळ नाहीत. पहिला, लोकसंगीत साऱ्यांचं असतं, त्याचे पैसे कुणाला द्यायचे? ठेका साऱ्यांचा, मान्य. पण अमुक दिवशी अमुक स्टुडिओत तो वाजवला एका माणसाने. मारवा-पूरिया कुणाच्या मालकीचे नाहीत म्हणून गवयाची बिदागी कुणी अडवत नाही. दुसरा आक्षेप, मजुरी दिली की व्यवहार संपला. मजुरी गायकालाही मिळत होती. तरी त्याचा व्यवहार संपला नाही असं संसदेनेच ठरवलं. तिसरा आक्षेप मला खरा अडवतो: सिनेमाने हलगी जगवली. जगवलीच. ‘डफडं’ म्हणून नाक मुरडणारे आता लग्नपत्रिकेत ‘पारंपरिक हलगीवादन’ असं छापतात. पण हलगी पिढ्यान्‌पिढ्या मांग आणि महार घरांवर गावकीचं काम म्हणून लादलेली होती. आंबेडकरी चळवळीत पुष्कळ महार घरांनी गावकी टाकली, त्यात हे वाजवणंही टाकलं, आणि योग्य केलं. ज्यांनी ते धरून ठेवलं त्यांच्याकडून आपण परंपरा तेवढी घेतली. परंपरेला मान आणि तिच्या हातांना पडेल ती मजुरी, याला जगवणं म्हणायचं का, मला शंका आहे.

आता डॉल्बी. वर मी तिची बाजू घेतल्यासारखं वाटलं असेल, आणि गाण्यांपुरती घेतलीच आहे. पण मिरजकर तिकटीपासून महाद्वार रोडवरून सरकणाऱ्या विसर्जन मिरवणुकीचं अर्थकारण पाहिलं की माझाच सूर बदलतो. मंडळाचं जे बजेट वाजंत्र्यांत वाटलं गेलं असतं, ते भिंतीएवढ्या स्पीकरच्या भाड्यात जातं. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल अशी नियमातली मर्यादा आहे. साधं बोलणंच साठाच्या घरात जातं, त्यामुळे ती न हलगी पाळते न डॉल्बी, म्हणून मी आवाजाची तक्रार करत नाही. तक्रार रोजगाराची आहे. बरं, पोलिसांचा दट्ट्या बसला की मंडळं ‘पारंपरिक वाद्यां’कडे वळतात, ढोल-ताशा पथकं येतात, फेटे बांधलेली हौशी मुलं-मुली हौसेने वाजवतात. चांगलीच गोष्ट. पण हौसेने वाजवणाऱ्याशी पोटासाठी वाजवणाऱ्याने स्पर्धा कशी करायची? परंपरा परत आली आणि परंपरेचा माणूस पुन्हा बाहेरच राहिला, असंही होऊ शकतं. म्हणजे मग डॉल्बीच बरी का? तसंही मला म्हणवत नाही.

श्रेयनामावलीत वादकांची नावं द्यायला कुठलाही कायदा आड येत नाही, आणि त्या व्याख्येचं शेपूट छाटायला संसदेची एक दुरुस्ती पुरेल. दोन्ही मुंबई-दिल्लीच्या हातात आहे. इथल्या हातातलं एक काम आहे. यंदा तालमीची, मंडळाची पोरं वर्गणीचं पुस्तक घेऊन दारात आली की पावती फाडण्याआधी विचारा, हलगीवाले कोण ठरलेत, किती सुपारी ठरली, आणि अहवालात त्यांचं नाव छापणार का. उत्तर मिळेपर्यंत वर्गणी हातात ठेवा.