मोहाच्या दिवसांतला प्रकल्प

मार्च लागला की आमच्याकडे दोन गोष्टी एकदमच येतात. रानात मोह पडायला लागतो आणि कॉलेजात प्रकल्प जमा करायची तारीख येऊन ठेपते. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या आडगावच्या कॉलेजांत या दिवसांतला हजेरीपट बघावा, अर्धा वर्ग झाडाखाली असतो. मोहाची फुलं रात्री-पहाटे गळतात. ऊन चढायच्या आत ती वेचायची, त्यासाठी घरातल्या सगळ्यांचे हात लागतात. मग दहा-अकराच्या एसटीनं पोरं कॉलेजात येतात. बोटांना तो चिकट गोडूस वास तसाच असतो, आणि त्याच हातातल्या फाइलवर शीर्षक असतं, ‘समाजमाध्यमांचा युवकांवर होणारा परिणाम’.

विषय वाईट आहे असं नाही, पण तो त्या मुलाचा नाही. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतात, वरचं पान बदललं की काम झालं. पर्यावरणाचा प्रकल्प पदवीला सक्तीचा झाला तेव्हापासून हा धंदा बरा चालला आहे. आता नव्या शैक्षणिक धोरणानं क्षेत्र प्रकल्प, समाज सहभाग प्रकल्प, संशोधन प्रकल्प अशी भर घातल्यावर दुकानदारांना आणखी बरे दिवस येणार. धानोऱ्याकडच्या एका मुलाच्या फाइलमध्ये तर ‘आमच्या उपनगरातील कचरा व्यवस्थापन’ असं प्रकरण निघालं. रागवावं की हसावं कळेना. त्याला म्हटलं, अरे, सकाळी मोह वेचून आलास ना, मग त्याच्यावरच का नाही केलास? तो ओशाळला. म्हणाला, “ते त घरचंच आहे न सर. त्याच्यावर काय प्रकल्प करायचा?”

अभ्यासाचं ते पुस्तकात आणि घरचं ते घरात, ही वाटणी पहिलीपासून डोक्यात बसलेली असते. खरं तर मोहाएवढा गुंतागुंतीचा विषय शोधून सापडायचा नाही. वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्यातून वणवे लागतात. फुलांसाठी अस्वलं येतात. ताडोबाच्या भोवतालच्या गावांत पहाटेच्या अंधारात वाकून वेचणाऱ्या बाईला वाघाचंही भय असतं. २००६च्या वनहक्क कायद्यानं हे गौण वनोपज लोकांचं झालं. त्याच फुलाची दारूही होते, आणि गडचिरोलीत तर १९९३ पासून दारूबंदी आहे; चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली नि २०२१ मध्ये उठली. वाळवलेला मोह घरी खातात, बाजारात विकतात आणि देवालाही वाहतात. आता हा प्रकल्प वनस्पतिशास्त्राचा, आरोग्याचा, कायद्याचा की लोकसाहित्याचा?

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा २००६ पासून भरते. तिथे सहा गट आहेत: मानव्यविद्या-भाषा-ललितकला, वाणिज्य-व्यवस्थापन-विधी, शुद्ध विज्ञान, कृषी-पशुसंवर्धन, अभियांत्रिकी-तंत्रज्ञान, आणि वैद्यक-औषधनिर्माण. स्पर्धा म्हटली की गट पाडावेच लागतात, तक्रार नाही. पण अर्ज भरताना मोहावरचं पोर सहाही चौकोनांपुढे अडतं. नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याला ही अडचण नव्हती. एकोणिसाव्या शतकात त्यानं सिरोंच्याजवळच्या कोटा इथले जीवाश्मही गोळा केले आणि गोंडांची गाणी-कथाही. १८६३ मध्ये तो नदीत बुडून गेला, आणि आदिवासींवरचे त्याचे कागद १८६६ मध्ये छापून निघाले. कुठल्या गटात बसतोस, असं त्याला कुणी विचारलं नाही.

‘घरचंच आहे’ म्हणणाऱ्या मुलांना मी दादाजी खोब्रागड्यांची गोष्ट सांगतो. नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव, शाळा तिसरीपर्यंत आणि शेत दीडेक एकर. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर. दुसऱ्या कुणी त्या बाकीच्यांबरोबर कापून टाकल्या असत्या. त्यांनी तेवढ्याच वेगळ्या काढल्या, जपल्या आणि पुढच्या हंगामात शेताच्या मधोमध छोट्या तुकड्यात लावल्या. रानडुकरांनी नासू नये म्हणून भोवती काटेरी फांद्या रोवल्या. मग दर वर्षी निवड, पेरणी आणि पुन्हा निवड. आमच्या पाठ्यपुस्तकात ज्याला नियंत्रित प्रयोग म्हणतात तो हाच, कुंपण फक्त काट्याचं. बी विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यानं त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून तांदळाला नाव दिलं एचएमटी. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं ‘पीकेव्ही एचएमटी’ हा वाण प्रसारित केला आणि श्रेय कुणाचं यावर बराच वाद झाला. २०१८ मध्ये दादाजी गेले. हा तांदूळ आजही आमची मुलं डब्यात आणतात, आणि तो कुणी शोधला ते त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नसतं.

आरोग्याचा विषय निघाला की गडचिरोलीत बंग दांपत्याच्या शोधग्रामशिवाय बोलणं पुढे सरकत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये इथे आले. त्यांचे निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले हे सगळे सांगतात. माझा जीव मात्र त्यांच्या एका साध्या यंत्रावर आहे. लहान मुलाला न्युमोनिया आहे का हे मिनिटाला किती श्वास होतात त्यावरून ओळखता येतं. पण गावातल्या दाईला पन्नास-साठपर्यंत मोजायचं कसं जमावं? म्हणून एका पट्टीवर एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी वयानुसार मण्यांच्या दोन रांगा. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला, तर औषध सुरू करायचं. ज्या बाईच्या हातात ते जायचं, तिची मोजणी जिथे थांबते तिथून या यंत्राची रचना सुरू झाली आहे.

तरीही घरचं म्हणून सगळंच खरं, असं मला म्हणायचं नाही. तो उलटा भाबडेपणा झाला, आणि आमच्या काही सहकाऱ्यांना त्याची फार हौस आहे. ‘यंदा मोह कमी पडला’ हे म्हातारी माणसं दर वर्षी म्हणतात. मागच्या वर्षी किती पडला होता ते कुणी तोलून ठेवलेलं नसतं. शोधग्रामनं गावातल्याच बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, तेव्हा ३९ गावांत ते काम केलं आणि तुलनेला आणखी ४७ गावं ठेवली. १९९९ मध्ये निबंध आला तेव्हा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरल्याचं ठामपणे सांगता आलं, ते त्या दुसऱ्या गावांमुळे. नुसती तळमळ असती तर जगानं मान डोलावली असती आणि विसरून गेलं असतं.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं तर अभ्यास हा गावकारभाराचाच भाग करून टाकला. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला म्हणून हे गाव गाजलं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे अभ्यासगट बसत. गावचे पुढारी देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्याबरोबर गावकरी बसायचे, बाहेरचा जाणकार बोलवायचे, वाद घालायचे आणि मग ग्रामसभेत सर्वसहमतीनं ठरवायचे. माश्या न मारता मध कसा काढायचा, हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. मिलिंद बोकिलांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात गावाची सगळी वाटचाल आली आहे. ते वाचायला दिलं की मुलं म्हणतात, सर, यात प्रश्नावली कुठे आहे?

प्रश्नावली! आमच्या जिल्ह्यांत तिचं पीक धानापेक्षा जास्त येतं. मुंबई-दिल्लीचे अभ्यासक येतात, छापील कागद भरून नेतात, आणि मुलंही त्याच नमुन्याची नक्कल करतात. सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्याकडच्या वसाहतींत बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी, भामरागडात माडिया, आणि प्रश्न सगळीकडे सरकारी मराठीत. त्यात एक हमखास असतो, ‘कुटुंबाचे मासिक उत्पन्न’. झाडीपट्टीतल्या एका बाईनं आमच्या विद्यार्थिनीला विचारलं, “कोनत्या मयन्याचा सांगू वो बाई?” तिचं बरोबरच होतं. मार्च-एप्रिलात मोह, मेमध्ये तेंदूचे मोजके दिवस, दिवाळीच्या सुमाराला धान, मधले महिने कोरडे. मासिक उत्पन्न फक्त पगारदाराला असतं. ती मुलगी हुशार. तिनं तो रकाना खोडला आणि बारा महिन्यांचे बारा रकाने पाडले.

२०११ मध्ये दोन्ही जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ झालं, तेव्हा आपलं संशोधन आता आपल्या दारात, असं आम्ही म्हणालो होतो. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या वर आहे, पण नागपूरपेक्षा तरी जवळ. दार जवळ आलं हे खरं. पण त्यातून फायली आत जातात, बाहेर येत नाहीत. परीक्षा झाली की त्या कपाटात, तिथून काही वर्षांनी रद्दीत. ज्या गावावर प्रकल्प लिहिला त्या गावाला तो वाचायला मिळतच नाही. म्हणून त्या बारा रकान्यांच्या मुलीला म्हटलं, जमा करण्याआधी तुझ्या ग्रामसभेत वाचून दाखव.

तिनं वाचला. लोक आधी लाजले, मग ऐकू लागले, मग चुका काढू लागले. मोहावर आमचं घर एवढं कमवत नाही, शेजाऱ्याचं मोजमाप आमच्यात धरलंय. टोल्याच्या तीन घरांपुढे शून्य कसं? ती माणसं तेव्हा तेलंगणात मिरची तोडायला गेली होती, त्यांची कमाई तिकडची धर. पाचोळा आम्ही जाळत नाही असं लिहिलंय ते खोटं आहे, असंही एक म्हातारा उठून म्हणाला आणि त्यावर बरीच बाचाबाची झाली. एवढी कसून तपासणी आमच्या विभागात कधी झालेली मला आठवत नाही. तिनं सगळ्या दुरुस्त्या पेनानं छापील पानांवरच केल्या, कारण नवी प्रत काढायला पैसे नव्हते आणि तारीख दुसऱ्या दिवसाची होती. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी फाइल चाळली, विषय चांगला निवडला म्हणाले, आणि खाडाखोडीचे गुण कापले.